कोरोनाचे निर्बंध असताना मुंबईहून दोघांनीच दोन रात्री कोकणात जायचं तर कसं ठरवावं? (ऑक्टोबर २०२०)

जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ई-पासची कटकट २ सप्टेंबरपासून संपली आहे, त्यामुळे त्याची काळजी सोडा. दोनच रात्री असतील तर मालवणचा हट्ट नको, अर्धा वेळ गाडीतच जाईल. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवा, तासाभरात मांडवा. पुढे नागाव, रेवदंडा किंवा काशीद.

मोठ्या हॉटेलपेक्षा वाडीतलं चार खोल्यांचं घरगुती ठिकाण बघा. फोनवर थेट विचारा: आमच्या आधी खोली किती दिवस रिकामी असेल? जेवण पडवीत वेगळं वाढाल का? आणि हो, जूनच्या निसर्ग वादळात उडालेलं छप्पर नीट बसवलंय ना? जुन्या फोटोंत दिसणाऱ्या पोफळी आता बऱ्याच वाड्यांत उरलेल्या नाहीत, हेही धरून चाला.

ॲडव्हान्स थोडाच द्या. नियम बदलले तर तारीख पुढे ढकलता येईल, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी 'बघू की' नको. शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवारी किनारा जवळपास तुमचाच.

मासे खायलाच जाणार असाल तर १७ तारखेला नवरात्र बसतंय. बऱ्याच घरी तेव्हा मासे शिजत नाहीत, आधीच विचारून घ्या.