जीवघेणी स्पर्धा, झुंज की प्राणपण?

प्रश्न असा आहे: किशोरांसाठीच्या एका फँटसी कादंबरीचा अनुवाद चालू आहे. जादू येणारी मुलं-मुली एका टूर्नामेंटमध्ये उतरतात आणि हरणारा मरतो. ‘जीवघेणी जादुई स्पर्धा’ असं लिहिलं, पण धार येत नाही. दुसरा शब्द आहे का?

धार न येण्याचं कारण ‘जीवघेणी’ या विशेषणात आहे. मराठीत थंडी जीवघेणी असते, लोकलची गर्दी जीवघेणी असते आणि प्रवेश परीक्षांची स्पर्धाही जीवघेणीच असते. ‘जीवघेणी स्पर्धा’ हा जोड वर्तमानपत्रांनी इतका वापरलाय की वाचक तो लाक्षणिक अर्थानेच घेतो. कोणी खरंच मरतं हे त्याच्या डोक्यात येत नाही. ‘प्राणघातक’ही इथे कामाचा नाही. तो हल्ल्याला चिकटलेला शब्द आहे आणि प्राणघातक हल्ल्यातून माणूस वाचलेला असू शकतो. ‘प्राणांतिक’ मात्र मर्यादा नेमकी सांगतो: प्राण जाईपर्यंत. प्राणांतिक उपोषणात तोच अर्थ आहे.

आता नाम. टूर्नामेंट आज टेनिसचीही असते, पण मुळात ती मध्ययुगीन युरोपातल्या घोडेस्वार सरदारांची लढत. तीत माणसं खरोखर मरत. 1130 साली क्लेरमाँच्या धर्मसभेने तिच्यावर बंदी घातली आणि तिथे मरणाऱ्याला चर्चचं दफन नाकारलं. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री 1559 मध्ये अशाच खेळात भाल्याची ढलपी डोळ्यात घुसून मेला. आपल्या ‘स्पर्धा’ला असा रक्ताचा इतिहास नाही. ती चढाओढ आहे, आणि चढाओढ रांगोळीचीही होते. म्हणून एकेका लढतीसाठी ‘झुंज’ घ्या. रेड्यांच्या, कोंबड्यांच्या झुंजींमुळे त्या शब्दात अंग, जखम आणि बघ्यांची गर्दी आधीच आहे. ‘द्वंद्व’ दोघांचंच असतं, चौघं एकदम भिडली की तो शब्द अडतो. ‘सामना’ क्रिकेटने नेला.

सगळ्या सोहळ्याला मात्र विशेषनाम हवं, आणि त्यासाठी माझी शिफारस ‘प्राणपण’. ‘पण’ म्हणजे डावावर लावलेली वस्तू. युधिष्ठिराने द्यूतात राज्य, भाऊ आणि द्रौपदी पणाला लावली तो हाच पण, स्वयंवरातला पणही हाच. ‘प्राणपणाने लढला’ हे आपण सहज बोलतो, पण त्यातली पैज आता कुणाला ऐकू येत नाही. कादंबरी ती पुन्हा ऐकवू शकते, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

वापरताना दोन अडचणी येतील. सुटा ‘पण’ वाक्याच्या सुरुवातीला ठेवू नका. ‘पण हरला’ हे ‘परंतु हरला’ असंच वाचलं जातं. त्याला ‘पणाला’, ‘पणात’ अशा रूपांत ठेवा. दुसरं, शहाणपण, मोठेपण यांतल्या प्रत्ययामुळे ‘प्राणपण’ भाववाचक आणि नपुंसकलिंगी वाटेल. हा ‘पण’ पुल्लिंगी आहे: ‘सातवा प्राणपण सुरू झाला’. पहिल्या उल्लेखाशेजारीच ‘इथे प्राण पणाला लागतात’ असं एखादं वाक्य कुणाच्या तरी तोंडी घाला, म्हणजे तळटीप लागणार नाही.

मैदानासाठी ‘रिंगण’ चांगलं. ‘आखाडा’ म्हटलं की तालीम आणि तांबडी माती दिसते. महाभारतात कौरव-पांडवांनी शस्त्रविद्या दाखवली ती ‘रंगभूमी’, पण आज तिथे पडदा वर जातो.

सर्वांत जपायचं ते मरण्याच्या क्रियापदाला. ‘बाद झाला’ म्हटलं की खेळाडू पॅव्हेलियनमध्ये परततो. ‘गारद’ बातमीतल्या मथळ्यासारखा वाटतो. ‘पडला’ला बखरींचा आधार आहे, पण झुंजीत माणूस पडून उठतोही, त्यामुळे गोंधळ होईल. निवेदकाला ‘मेला’ किंवा ‘मारली गेली’ लिहू द्या. दवंडी देणारा किंवा राजदरबारातला कारकून मात्र बखरीतलं ‘कामी आला’ म्हणू शकेल, त्याच्या तोंडी ते शोभतं.

मंत्रांना नावं हवी असतील तर तंत्रग्रंथांतली षट्कर्मं हाताशी आहेत: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. स्तंभनाने प्रतिस्पर्धी जागीच थिजतो, उच्चाटनाने जागा सोडून पळतो. ‘मूठ मारणे’ आणि ‘करणी’ टाळा. त्या शब्दांबरोबर कोकणातला भगत, लिंबू आणि नारळ येतात, आणि परक्या राज्यातली गोष्ट तिथेच फसते.