'बनावट' आयगेन मूल्यं?

मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'प्रश्नावलीतून किती घटक ठेवायचे हे ठरवायला मी सिम्युलेटेड आयगेन व्हॅल्यूज वापरल्या. प्रबंधात "बनावट आयगेन मूल्ये" लिहिलं, तर मार्गदर्शकांनी लाल रेघ मारली. मग काय लिहू?' (घटक म्हणजे अनेक प्रश्नांच्या उत्तरांमागचा सामाईक गुण, आणि आयगेन मूल्य म्हणजे उत्तरांतला किती फरक तो घटक सामावून घेतो ते सांगणारा आकडा.)

रेघ योग्य जागी पडली आहे. बनावट नोटा, बनावट दाखले, बनावट सह्या. या शब्दात फसवण्याचा हेतू मुरलेला आहे. इथे तर आपण स्वतः फसू नये म्हणून ही मूल्यं काढतो. 'काल्पनिक'ही नको. गणितात काल्पनिक संख्या हा वेगळाच प्रकार आहे, आणि सहसंबंधांच्या मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं नेहमी वास्तव संख्याच असतात.

शब्द शोधण्याआधी मुळात काय घडतं ते पाहू. समजा, २० प्रश्न आणि २०० माणसं आहेत. प्रश्नांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसता, तर तत्त्वतः प्रत्येक आयगेन मूल्य १ आलं असतं. पण नमुना २०० जणांचाच, त्यामुळे निव्वळ योगायोगाने पहिलं मूल्य दीडच्याही पुढे जातं. म्हणजे '१ च्या वरचं ते ठेवा' हा कायझरचा प्रचलित नियम योगायोगालाही घटक समजून बसतो. जॉन हॉर्न यांनी १९६५ मध्ये यावर उपाय सुचवला: तितक्याच माणसांचे, तितक्याच प्रश्नांचे यादृच्छिक आकडे पुन्हा पुन्हा तयार करायचे, त्यांच्या आयगेन मूल्यांची सरासरी काढायची आणि पहिल्याशी पहिलं, दुसऱ्याशी दुसरं असं ताडून पाहायचं. (पुढे सरासरीऐवजी ९५ वा शतमक घेण्याची पद्धतही आली.) तुमचं तिसरं मूल्य १.२५ आणि यादृच्छिक आकड्यांचं तिसरं १.४ असेल, तर तिसरा घटक सोडायचा, मग तो १ च्या वर का असेना.

तेव्हा इथे यदृच्छेने आले आहेत ते आकडे. मूल्यं त्यांच्यावरून रीतसर गणिताने काढलेली आहेत. म्हणून मी पहिल्यांदा 'यादृच्छिक आकड्यांवरून काढलेली आयगेन मूल्यं' असं सविस्तर लिहीन आणि पुढे नुसतं 'यादृच्छिक आयगेन मूल्यं'. हॉर्नच्या पद्धतीला 'समांतर विश्लेषण' हा शब्द चपखल आहे, कारण दोन मूल्यमाला खरोखरच शेजारी शेजारी चालतात.

'आयगेन' मात्र बदलू नका. जर्मन 'आयगेन' म्हणजे स्वतःचा, म्हणून 'स्वमूल्य' करायचा मोह होतो. मलाही तो शब्द आवडतो. पण मानसशास्त्राच्या प्रबंधात 'स्वमूल्य' दिसलं की वाचकाला आत्मसन्मानच आठवणार. तसंच शाळेत आपण अवयव पाडत असलो, तरी इथे फॅक्टरला 'घटक'च म्हणा.

तुमचं वाक्य असं होईल: 'पहिल्या दोन घटकांची आयगेन मूल्यं यादृच्छिक आयगेन मूल्यांहून मोठी आली, म्हणून दोन घटक ठेवले.'