किडनी बदलल्यावर भावाला बीके व्हायरस निघाला. डॉक्टर रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) टाळायच्याच गोळ्या कमी करतायत, किडनी जाणार नाही ना?

गोळ्या कमी केल्या की रिजेक्शनची भीती असतेच. पण बीके वाढू दिला तरी किडनी जाते, आणि त्याच्यावर खात्रीचं औषध नाही. प्रतिकारशक्ती थोडी सैल सोडायची, तिनेच त्याला आवरायचं.

नवऱ्याला किडनी मी दिली आहे, म्हणून लिहिते. पहिल्याच वर्षात ह्याचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) 1.2 वरून 1.9 वर गेलं. ताप नाही, सूज नाही, लघवी व्यवस्थित. नात्यातल्या एका डॉक्टरांनी फोनवरच निदान केलं: रिजेक्शन, स्टिरॉइड चढवा! आमच्या डॉक्टरांनी आधी बायॉप्सी केली, रक्ताचा पीसीआर (व्हायरस किती आहे ते मोजणारी तपासणी) पाठवला. निघाला बीके. स्टिरॉइड चढवलं असतं तर व्हायरसला रान मोकळं. मग प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांपैकी मायकोफेनोलेट निम्मं झालं, टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल खाली आणली. लेव्हलच्या दिवशी हा सकाळची गोळी शर्टाच्या खिशात घालून लॅबच्या रांगेत, रक्त दिलं की तिथेच गिळायची. आधी घेतली तर आकडा फुगतो.

आणि मग नणंद. गौरीजेवणाला, भरल्या पंक्तीत: "दिलीच होती तर धड द्यायची." अहो, हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो आणि किडनीत गपचूप पडून राहतो. बोलणारीच्याही असणार. दाता शोधत होतो तेव्हा बाईंना एकाएकी चक्कर यायला लागली होती, ते असो.

बीकेवर लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक कुणी सुचवलं तर नको म्हणा. 2014 मध्ये आलेल्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही.

आता खरं तेही सांगते. विषाणू पुष्कळदा दात्याच्या किडनीतूनच येतो. पण जागा होतो तो गोळ्यांच्या जोरामुळे, देणाऱ्याच्या दोषामुळे नाही. आणि आमचं क्रिएटिनिन 1.5 वर थांबलं म्हणून तुमचंही थांबेल असं नाही. डोस मनाने हलवू नका, पीसीआर चुकवू नका.

भावाचा दाता घरातलाच असेल तर त्याच्यासमोर "कुठून आला" हा विषय कुणाला काढू देऊ नका. काढलाच तर हे वाचायला द्या. नणंदेला मी पाठवतेच आहे.