शॉर्टकट मारला तर चालतंय काय?

“दहावीपर्यंत पोरगं हुशार होतं, मॅडम. अकरावीला सायन्स घेतलं आणि डोस्कंच चालंना झालंय. काढून आर्ट्सला घालू काय?” गडहिंग्लज तालुक्यातून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो दरवर्षी थोड्याफार फरकानं येतोच, म्हणून ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा मामाकडं राहून शिकत होता. मराठी माध्यमातला. म्हटलं, तुला सगळ्यात नकोसं वाटतं ते पान उघड. त्यानं केमिस्ट्रीची वही काढली. लोखंडाचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे अणूतल्या कुठल्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन ते मांडायचं. २६ इलेक्ट्रॉन, १एसपासून एकेक उपकवच भरत आणलेलं. बेरीज २४ आली म्हणून खोडलेलं, परत पहिल्यापासून. तीनदा. रबर घासून कागदाला भोक पडलेलं. शेजारी फळ्यावरून उतरवलेलं छोटं रूप होतं, कंसात अरगॉन आणि पुढं ३डी ६, ४एस २. त्यावर मोठी काट.

“हे का खोडलंस?”

“शॉर्टकट हाय ते. मामा म्हणतोय, शॉर्टकट मारणाऱ्याचं पुढं अवघड असतंय.”

मामा बहुतेक मोटरसायकलबद्दल बोलले असावेत.

“गावाकडं जाताना आईचा फोन आला, कुठवर आलास, तर काय सांगतोस?”

“संकेश्वर सोडलं म्हणतो.”

“कागल, निपाणी सांगत नाहीस?”

“ते आलंच की त्यात.”

अरगॉनमध्येही पहिले १८ आलेच की! हेलियम २, निऑन १०, अरगॉन १८, क्रिप्टॉन ३६, झेनॉन ५४. अणुअंकाच्या अलीकडचा यांतला राजवायू धरायचा आणि उरलेलं तेवढं लिहायचं. लोखंडाचे उरले ८, दोन ४एसमध्ये, सहा ३डीमध्ये. ब्रोमीन ३५ त्यानं स्वतःच केलं. उरले १७, म्हणून ४एस २, ३डी १०, ४पी ५. खोडरबर लागलं नाही. पूर्ण संरूपण मागितलं तर पूर्णच लिहायचं, हेही बजावलं.

गणितातही तो एक आकडा चुकला की अख्खं उदाहरण नव्यानं उतरवायचा. डोकं चालत होतं, फक्त दरवेळी पार कोल्हापूरच्या बिंदू चौकातून, म्हणजे पहिल्यापासून, निघत होतं. आईला म्हटलं, शाखेचं दिवाळीपर्यंत राहू द्या. आणि आर्ट्सला घालायचं तर ते आवडतं म्हणून घाला, शिक्षा म्हणून नको.

दोन आठवड्यांनी साहेब चिडूनच आले. क्रोमियम, २४. उरले सहा, त्यानं ४एसला दोन, ३डीला चार दिले. पुस्तकात एक आणि पाच. “असं कसं?”

म्हटलं, मी मानसशास्त्रवाली, सरांना विचार.

“वर्गात?”

हात वर करायला आणखी आठवडा गेला. अर्धं भरलेलं ३डी जास्त स्थिर असतं, हे मग त्यानंच मला समजावलं. आणि तांब्याचंही तसंच, तिथं ३डीत दहाच्या दहा भरतात आणि ४एसमध्ये एकच उरतो, हे मी न विचारताच.