मेमोवरची तारीख बघा

*ताई, माझ्या मित्राचा भागीदारीत यंत्रमागाचा कारखाना होता. भागीदारी मोडताना हिशेबापोटी मिळालेला सहा लाखांचा चेक वटला नाही. मित्र पेटलाय. भागीदाराच्या मुलीचं लग्न ठरलंय. तिच्या सासरी जाऊन ते मोडायचंच म्हणतो. बँकेची चिठ्ठी खिशात घेऊन फिरतो, तीन आठवडे झाले, रोज मला काढून दाखवतो. मी त्याच्यासोबत पेटावं की अलिप्त राहावं? शांत राहिलो की ‘तू कसला मित्र’ म्हणतो.*
*— एक वाचक, इचलकरंजी*

दादा, तुमचं पत्र रांगेतून पुढे घेतलं ते त्या चिठ्ठीसाठी.

ती चिठ्ठी म्हणजे बँकेचा रिटर्न मेमो. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत भागीदाराला पैसे मागणारी लेखी नोटीस जावी लागते. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१, कलम १३८. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस. नाही दिले, तर त्यापुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण पाहून कोर्ट माफ करू शकतं. नोटिशीच्या उशिराला ती सवलत नाही. चेकच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील तर तो पुन्हा भरता येतो, पण त्या भरवशावर बसू नका.

आणि तुमचे तीन आठवडे गेलेसुद्धा! सूड घ्यावा की नाही यावर तुम्ही दोघं रोज बोलताय आणि ज्यानं पैसे बुडवले तो दिवसागणिक सुटत चाललाय. मला राग येतो तो मित्रापेक्षा तुमचा. त्याचं डोकं आत्ता ठिकाणावर नाही, त्याला तारखा दिसायच्या नाहीत. तुमचं आहे ना? मग ती चिठ्ठी रोज बघून तुम्ही काय केलंत?

त्या मुलीबद्दल एकदाच सांगते. चेकवर सही तिची नाही. मित्र तिच्या सासरच्या दारात गेला, तर पैसे बुडवणारा बाप बाजूला राहील आणि पोरीचं लग्न मोडणारा म्हणून गावभर याचंच नाव होईल. वर बदनामीची उलट तक्रार आली की भागीदाराच्या वकिलाचं आयतंच फावलं. पण हे मित्राला समजावत बसू नका. इतक्या रागात कोणी ऐकत नाही. त्याला कामाला लावा.

उद्या सकाळी त्याच्या घरी जा. मेमो, मूळ चेक, भागीदारी मोडल्याचे कागद, फोनवरचे मेसेज, पासबुक, सगळं एका फायलीत घाला. त्याला गाडीवर मागे बसवा आणि चेकच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाकडे न्या. तिथं तो आवाज चढवेल, भागीदाराला शिव्या घालेल. घालू द्या. नोटीस स्पीड पोस्टानं, पोहोचल्याची पोच मिळेल अशी गेली पाहिजे आणि तिची पावती तुमच्याजवळ राहिली पाहिजे.

अशा केसेस लांबतात. तारखांवर तारखा पडतात, माणसं कंटाळून सोडून देतात. त्याचा हा राग तेव्हा लागणार आहे, म्हणून तो आत्ता विझवायच्या मागे लागू नका. तुम्ही फक्त प्रत्येक तारखेला फाइल घेऊन त्याच्याबरोबर कोर्टात जा.