आकडा कोणता, ते आधी पाहा

प्रिय अभ्यासकास,
सप्रेम नमस्कार.

तुझा मसुदा वाचला. सकल देशांतर्गत उत्पादन वाढत असताना कार्बनची रेघ खाली येते, एवढ्यावरून आर्थिक वाढ आणि उत्सर्जन यांची फारकत झाली, असा निष्कर्ष तू काढला आहेस. तो घाईचा आहे, कारण तुझ्या आलेखात एकूण उत्सर्जन नाही. उत्पादनाच्या दर एककामागचे उत्सर्जन, म्हणजे तीव्रता आहे. अर्थव्यवस्था वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली आणि तीव्रता ४ टक्क्यांनी घटली, तर १.०६ गुणिले ०.९६ म्हणजे १.०१७६, उत्सर्जन पावणेदोन टक्क्यांनी वाढलेच. वातावरणात भर पडते ती टनांची. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत तीव्रता ४५ टक्क्यांनी घटवण्याचे भारताचे उद्दिष्टही याच जातीचे आहे. विकसनशील देशाने तसे ठरवणे मला गैर वाटत नाही, पण त्याला एकूण घट म्हणता येणार नाही.

खरी फारकतही झालेली आहे. ब्रिटनच्या भूमीवरील उत्सर्जन १९९० च्या तुलनेत निम्म्यावर आले आणि तेवढ्याच काळात अर्थव्यवस्था चांगलीच वाढली. मात्र हे उदाहरण देताना त्यामागची कारणेही दे. वीजनिर्मितीत कोळशाची जागा आधी नैसर्गिक वायूने आणि मग पवनऊर्जेने घेतली. शेवटचे कोळसा वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले. शिवाय कारखानदारीचा काही भाग देशाबाहेर गेला, आणि आयात केलेल्या पोलादाचा धूर हिशेबात निर्यातदार देशाच्या नावे पडतो. उपभोगानुसार, म्हणजे माल वापरणाऱ्या देशाच्या नावे, हिशेब मांडला की घट उरते, पण लहान होते. आंतरराष्ट्रीय विमाने आणि जहाजे तर कोणत्याच देशाच्या बेरजेत धरली जात नाहीत.

समृद्धी आली की प्रदूषण आपोआप उतरते, हे तुझे विधान तर काढूनच टाक. त्याचा आधार असलेले १९९० च्या दशकारंभीचे संशोधन मुख्यतः सल्फर डायऑक्साइड आणि धूर यांसारख्या स्थानिक प्रदूषकांवर होते. ती हवा नाकाला झोंबते, म्हणून लोक ओरडतात आणि सरकारे हलतात. कार्बन डायऑक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. फ्रान्सची वीज बऱ्याच अंशी कार्बनमुक्त झाली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर अणुऊर्जेकडे वळल्यामुळे, आणि तेव्हा हवामानाचा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

पुढच्या मसुद्यात एकूण, दरडोई आणि उपभोगाधारित अशा तिन्ही रेघा एकाच आलेखावर काढ, आणि २००९ व २०२० मधील मंदीचे खड्डे वेगळ्या खुणेने दाखव. दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी जागतिक उत्सर्जन पुन्हा चढले होते.

तुझा,
मार्गदर्शक