शिकागोत आठवडाभर मुक्काम आहे. साधं, अस्सल मेक्सिकन जेवण कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या कामासाठी येताय, मुक्काम डाउनटाउनमध्ये आहे, गाडी नाही, आणि बीफ सोडून सगळं चालतं. मग आधी एकच सांगते: हॉटेलच्या आसपास शोधू नका. तिथे चांगली मेक्सिकन रेस्टॉरंटं आहेत, पण ती मंद दिव्यांची, कॉकटेलची आणि आठवडाभर आधी टेबल राखून ठेवण्याची. तुम्हाला जे हवंय ते ट्रेनने किंवा बसने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, जिथे मेक्सिकन माणसं स्वतः राहतात आणि जेवतात.

दुसरं म्हणजे फोनवर 'बेस्ट मेक्सिकन' असं शोधू नका, पदार्थाचं नाव घेऊन शोधा. पुण्यात आपण 'चांगलं इंडियन फूड कुठे मिळेल' असं विचारत नाही, मिसळ कुठली खावी असं विचारतो. मेक्सिकोचंही तसंच आहे. शिकागोत मिचोआकान, हालिस्को, ग्वेरेरो, ग्वानाह्वातो, साकातेकास अशा राज्यांतून आलेली कुटुंबं आहेत आणि प्रत्येकाच्या प्रांताचं जेवण वेगळं. एकाच पदार्थावर वर्षानुवर्षं चालणारं दुकान सापडलं की डोळे मिटून आत शिरावं. फाहिता, नाचोज, बरितो आणि चिमिचांगा सगळंच ज्या मेन्यूवर आहे, त्या ठिकाणी पोट भरेल, पण तुमचा प्रश्न सुटणार नाही.

सुरुवात पिल्सन या वस्तीपासून करा. पिंक लाइन या शहरी ट्रेनने एटीन्थ स्टेशनला उतरलात की स्टेशनच्या भिंतींपासूनच चित्रं सुरू होतात. ही पूर्वी चेक लोकांची वस्ती. नाव त्यांच्याच प्ल्झेन शहरावरून आलंय. १९६० च्या दशकात विद्यापीठाचा नवा कॅम्पस उभारताना जवळच्या भागातली मेक्सिकन कुटुंबं उठवली गेली आणि त्यातली पुष्कळ इथे आली. आता इथेही भाडी वाढताहेत, महागडे कॅफे येताहेत. म्हणूनच जुन्या दुकानांत आवर्जून जावं असं मला वाटतं.

एटीन्थ स्ट्रीटवरच 'कार्निटास उरुआपान' आहे, १९७५ पासून. कार्निटास हा मिचोआकानचा पदार्थ: डुकराच्या मांसाचे मोठे तुकडे त्याच्याच चरबीत तासन्‌तास मंद शिजवतात. बाहेरून खरपूस, आतून बोटांनी सुटेल इतकं मऊ. तिथे टाको मागवता येतात, पण माझं ऐकाल तर वजनावर घ्या. दोघांना एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, पुरतं. 'मासिसा' म्हटलं तर नुसतं मांस मिळतं, 'सुर्तिदो' म्हटलं तर कातडी, चरबी आणि मांस असं मिश्र. सुर्तिदोच घ्या. कातडीचा तो चिकट, मऊ घास नसेल तर कार्निटासची निम्मी मजा गेली. टॉर्टिया (मक्याची पातळ पोळी), कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि साल्सा (तिखट चटणी) घेऊन आपले टाको आपणच बांधायचे. शनिवार-रविवारी रांग असते, तरी सकाळीच जा. हे सकाळी शिजवून दिवसभरात संपवायचं खाणं आहे, रात्रीच्या जेवणाचं नाही. खाऊन झाल्यावर जवळच मेक्सिकन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. तासभर तरी द्या.

बीफ नको म्हणालात म्हणून बिर्रियाबद्दल, म्हणजे मिरच्यांच्या मसाल्यात मऊ शिजवलेल्या मांसाबद्दल, जरा सविस्तर सांगते. गेल्या काही वर्षांत चीज भरलेले, लालभडक रश्शात बुडवून खायचे बिर्रिया टाको सगळीकडे झालेत. ते बहुतेक ठिकाणी बीफचे असतात. हालिस्कोची जुनी बिर्रिया मात्र बकऱ्याची. शहराच्या नैऋत्येला पुलास्की रोडवर 'बिर्रियेरिया सारागोसा' हे एका कुटुंबाचं छोटं दुकान २००७ पासून फक्त तीच करतं. मटण आधी कित्येक तास वाफेवर शिजवायचं, मग मिरच्यांचा वाटलेला मसाला चोपडून भट्टीत भाजायचं आणि वाढताना वरून टोमॅटोचा पातळ, हलका रस्सा घालायचा. मटणाचा वास आणि चव मसाल्याखाली दबत नाही. मटणावर वाढलेल्या मराठी माणसाला हे जेवण समजावून सांगावं लागत नाही. हाडासकट मागा. टॉर्टिया तिथेच हाताने करतात.

टॉर्टियाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण माझ्या मते साल्सापेक्षाही दुकानाची परीक्षा तिथेच होते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात, मग धुऊन ओलाच दळतात. चुन्यामुळे मक्याची सालं सुटतात, पीठ एकजीव होतं आणि तो खास वास येतो. सुक्या तयार पिठाच्या टॉर्टियाला तो वास तितका नसतो. शिकागोत 'एल मिलाग्रो' १९५० पासून टॉर्टिया बनवतंय आणि त्यांची पाकिटं शहरभर वाण्याकडे मिळतात. टाको दोन टॉर्टियांवर आला, वर फक्त कांदा-कोथिंबीर असली आणि बाजूला लिंबाची फोड असली की योग्य ठिकाणी आलोय असं समजा. किसलेलं पिवळं चीज आणि आंबट क्रीम न मागता आलं, तर पुढच्या वेळी दुसरं दुकान बघा.

अर्धा दिवस मोकळा मिळाला तर लिटल व्हिलेजला, म्हणजे ट्वेंटीसिक्स्थ स्ट्रीटला जा. डाउनटाउनमधून ६० नंबरची बस थेट जाते. कमान ओलांडली की दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये आणि फुटपाथवर गाडे. इथे खूप वर्षं गाडेवाल्यांना परवाने नव्हते, पोलिसांचा त्रास व्हायचा. त्यांनी संघटित होऊन पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये शहराने गाड्यांना मान्यता दिली. त्यांच्याकडून जरूर घ्या. सकाळी तमाले (सारण भरून वाफवलेले मक्याच्या पिठाचे गोळे) आणि गरम चांपुर्रादो, म्हणजे मक्याच्या पिठाने दाट केलेलं चॉकलेटचं पेय. दुपारी चीज-मिरचीपूड लावलेलं कणीस. बेकरीत शिरलात तर दाराशी ट्रे आणि चिमटा ठेवलेला असतो, आपणच पाव उचलायचे आणि काउंटरवर न्यायचे.

मागवताना हे ध्यानात ठेवा. 'रेस' म्हणजे गाय-बैलाचं मांस. आसादा, सुआदेरो, लेंग्वा, काबेसा हे सगळं बहुधा तेच. बार्बाकोआ (मंद आचेवर मऊ शिजवलेलं मांस) अमेरिकेत बहुतेकदा बीफचा असतो. 'दे बोर्रेगो' लिहिलं असेल तर मेंढीचा. आल पास्तोर पोर्कचा, पण दुकानात उभी सळई फिरताना दिसली तरच मागवा, तव्यावर परतलेल्याला ती चव नाही. सोबत कुणी पूर्ण शाकाहारी असेल तर निवडुंगाचे नोपालेस किंवा चीज आणि मिरचीच्या पट्ट्यांचे राहास सांगा, मात्र आधी विचारा: उसळीत आणि तमालेच्या पिठात डुकराची चरबी असते, भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. 'सिन मान्तेका' (डुकराच्या चरबीशिवाय) एवढं म्हटलं तरी लोक नीट सांगतात.

रोख पैसे जवळ ठेवा. आणि परतीचं विमान मिडवे विमानतळावरून असेल तर बिर्रिया शेवटच्या दिवशी ठेवा. सारागोसा ऑरेंज लाइनच्या पुलास्की स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि तीच गाडी पुढच्या स्टेशनला मिडवेला पोचते. फक्त त्या दिवशी ते उघडं आहे ना, हे आधी फोन करून विचारा.